जुनी वायफाय उपकरणे आणि घरातील इंटरनेटचा वेग

हिंगोली-वाशीम रस्त्यावरील कनेरगाव नाका हे मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरचे गाव. आता अशा गावांतूनही घरोघरी इंटरनेट वापरात आले आहे. मोंढ्यातील सोयाबीन व हळदीचे दर, हवामानाचा अंदाज, योजनांचे ऑनलाइन अर्ज, मुलांचे शिकवणी वर्ग आणि गोठ्यावरील कॅमेरा ही सगळी कामे एकाच जोडणीवर चालतात. परंतु जोडणी घेतल्यानंतर काही महिन्यांतच 'पैसे भरतो एवढे आणि वेग मिळतो तेवढा नाही' अशी तक्रार सुरू होते. मग अधिक वेगाची, अधिक पैशांची योजना घेतली जाते. तरीही मुलीचा वर्ग मध्येच अडकतो, तो अडकतोच.

अशा वेळी दोष नेहमी बाहेरून येणाऱ्या तारेत असतो असे नाही. पुष्कळदा तो घराच्या आत, राउटर आणि उपकरणे यांच्यामधल्या हवेत असतो. घरातील एखादे जुने किंवा फार लांब ठेवलेले उपकरण बाकी सर्व नव्या उपकरणांचा वेग खाली ओढू शकते. हे कसे घडते, ते घरच्या घरी कसे ओळखावे आणि नवा खर्च करण्यापूर्वी काय करून पाहावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

वेग दोन ठिकाणी अडतो

इंटरनेट आपल्या घरात दोन टप्प्यांत येते. पहिला टप्पा म्हणजे गावातून घरातील राउटरपर्यंत येणारी तार. या टप्प्याचा वेग आपण घेतलेल्या योजनेवर ठरतो. दुसरा टप्पा म्हणजे राउटरपासून फोन, टीव्ही, संगणक, कॅमेरा यांच्यापर्यंतचा बिनतारी टप्पा. यालाच वायफाय म्हणतात. मोटेच्या विहिरीला पाणी भरपूर आहे, पण शेतातला दांड जागोजागी बुजला आहे, तर पिकापर्यंत पाणी कमीच पोहोचणार. विहीर आणखी खोल केली म्हणून दांड मोकळा होत नाही. त्याचप्रमाणे वायफायचा टप्पा अडलेला असेल तर मोठी योजना घेऊन उपयोग होत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. योजनेचा वेग एमबीपीएसमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती मेगाबिट, असा सांगितला जातो. फाईलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिटचा एक बाइट होतो. म्हणून ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट उतरतात. हा फरक माहीत नसल्यामुळेही अनेकांना आपली फसवणूक झाली असे वाटते.

हवेतील वाट एकच असते

वायफायवर सर्व उपकरणे एकाच वाहिनीवर, म्हणजे चॅनेलवर, बोलतात. नदीवरील अरुंद पुलावरून एका वेळी एकच वाहन जाऊ शकते, तसाच हा प्रकार आहे. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, वाट मोकळी दिसली की थोडे थांबते आणि मग आपली माहिती पाठविते. दोघांनी एकदम पाठविली तर ती एकमेकांत मिसळून खराब होते आणि पुन्हा पाठवावी लागते.

या पद्धतीत प्रत्येकाला पाळी मिळण्याची संधी सारखी असते. पण पाळी वेळेची नसते, खेपेची असते. समजा पुलावर ट्रक आणि बैलगाडी आळीपाळीने सोडली आणि दोघांनाही प्रत्येक खेपेला एकच पोते नेण्याची मुभा दिली. ट्रक क्षणात पलीकडे जाईल. बैलगाडी मात्र सावकाश जाईल आणि तोवर ट्रकला अलीकडे उभे राहावे लागेल. दिवसअखेर दोघांची पोती सारखीच भरतील. ट्रकच्या वेगाचा फायदा ट्रकवाल्याला झालाच नाही. जुन्या वायफाय उपकरणामुळे नेमके हेच होते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संशोधकांनी २००३ मध्ये हा परिणाम सविस्तर मांडला. एक जरी यंत्र कमी वेगाने बोलत असेल तरी सर्वांचा वेग त्याच्या आसपास घसरतो, असे त्यांनी दाखवून दिले.

हिशेब करून पाहू

वायफायवर माहिती लहान लहान पाकिटांतून जाते. एक मोठे पाकीट सुमारे १,५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिटचे असते. हे एक पाकीट हवेतून पाठविण्यास लागणारा वेळ उपकरणाच्या वेगाप्रमाणे असा येतो (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) :

१ एमबीपीएसने बोलणारे उपकरण : १२ मिलिसेकंद
११ एमबीपीएसने बोलणारे : सुमारे १.०९ मिलिसेकंद
५४ एमबीपीएसने बोलणारे : सुमारे ०.२२ मिलिसेकंद
१४४ एमबीपीएसने बोलणारे : सुमारे ०.०८ मिलिसेकंद

आता ५४ एमबीपीएसचा एक फोन आणि ११ एमबीपीएसचे एक जुने उपकरण आळीपाळीने एकेक पाकीट पाठवीत आहेत असे धरा. दोघांच्या एका फेरीला १.३१ मिलिसेकंद लागतात. त्यात फोनचे एकच पाकीट जाते. म्हणजे फोनला सुमारे ९ एमबीपीएस एवढाच वेग मिळतो. आता हा फोन बदलून १४४ एमबीपीएसचा नवा महाग फोन आणला तर? फेरीला १.१७ मिलिसेकंद लागतील आणि वेग होईल सुमारे १० एमबीपीएस. हजारो रुपये खर्चून फायदा एका एमबीपीएसचा! आणि जुने उपकरण सिग्नल कमी मिळाल्यामुळे १ एमबीपीएसवर आले, तर ५४ एमबीपीएसच्या फोनलाही जेमतेम १ एमबीपीएस मिळेल.

हा हिशेब सोपा करून मांडला आहे. प्रत्यक्षात पाळी ठरविण्यात व पोच देण्यात आणखी वेळ जातो, त्यामुळे आकडे यापेक्षाही कमी येतात. दुसरीकडे, अलीकडचे राउटर व फोन एका पाळीत एकाऐवजी अनेक पाकिटांचा गठ्ठा पाठवितात आणि काही राउटर खेपेऐवजी वेळ वाटून देतात. तेथे नुकसान कमी होते. परंतु मूळ नियम तोच राहतो : हवेतील वेळ मर्यादित आहे आणि सावकाश बोलणारा तो अधिक खातो.

वायफायच्या पिढ्या

बियाण्याच्या वाणाप्रमाणे वायफायच्याही पिढ्या आहेत. उपकरणाच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकावर ८०२.११ या आकड्यापुढे एक-दोन इंग्रजी अक्षरे असतात, त्यावरून पिढी ओळखता येते.

बी (१९९९) : कमाल ११ एमबीपीएस, २.४ गिगाहर्ट्झ.
जी (२००३) : कमाल ५४ एमबीपीएस, २.४ गिगाहर्ट्झ.
एन (२००९), म्हणजे वायफाय ४ : साध्या एका अँटेनाच्या उपकरणात ७२ ते १५० एमबीपीएस. बहुतेक स्वस्त उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात.
एसी (२०१३), म्हणजे वायफाय ५ : ५ गिगाहर्ट्झवर, शेकडो एमबीपीएस.
एएक्स (२०२१), म्हणजे वायफाय ६ : दोन्ही पट्ट्यांवर, अनेक उपकरणे एकाच वेळी हाताळण्यासाठी केलेली रचना.

हे सर्व कागदावरचे कमाल वेग आहेत. प्रत्यक्षात हाती येणारा वेग साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक धरावा. आज घरात 'बी' पिढीचे उपकरण क्वचितच सापडेल. मात्र 'जी' पिढीचा जुना लॅपटॉप, आजीच्या हातात गेलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा फोन, सौर इन्व्हर्टरला लावलेला वायफायचा लहान डोंगल आणि स्वस्त कॅमेरा ही उपकरणे अनेक घरांत आहेत.

जुन्या उपकरणामुळे होणारे नुकसान

१) हवेतील वेळ अधिक लागतो. याचा हिशेब वर दिलाच आहे. जुने उपकरण नुसते पडून असेल तर ते फारसे काही पाठवीत नाही आणि त्याचा त्रासही जाणवत नाही. त्यावर व्हिडिओ सुरू झाला की घरातील बाकीचे अडतात.

२) नव्यांना जुन्या बोलीत सूचना द्यावी लागते. 'बी' पिढीच्या उपकरणाला नव्या पिढीची बोली कळत नाही. ते मध्येच बोलू नये म्हणून नव्या उपकरणांना प्रत्येक वेळी आधी 'आता मी बोलणार आहे, थांबा' अशी सूचना जुन्या, सावकाश बोलीत द्यावी लागते. एवढ्याने 'जी' पिढीच्या जाळ्याचा हाती येणारा वेग निम्म्यावर किंवा त्याखाली येतो.

३) राउटरची दवंडी सावकाश होते. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव हवेत पुकारत असतो. जुन्या उपकरणांनाही ते ऐकू यावे म्हणून ही दवंडी बहुधा १ एमबीपीएसने दिली जाते आणि तीत एकूण वेळेचा सुमारे दोन ते तीन टक्के भाग जातो. एकट्या घराला याचे काही वाटत नाही. पण नाक्यावरील दुकानांच्या रांगेत एकाच वाहिनीवर पाच राउटर असले तर दहा-पंधरा टक्के वेळ नुसत्या दवंडीतच संपतो.

४) जुन्या कुलुपामुळे नव्यांचा वेग बांधला जातो. हा दोष सहसा लक्षात येत नाही. एखादे जुने यंत्र जोडता यावे म्हणून राउटरची सुरक्षा 'डब्ल्यूईपी' किंवा 'टीकेआयपी' या जुन्या प्रकारावर ठेवली जाते. या प्रकारात 'एन' पिढीचा वाढीव वेग वापरता येत नाही आणि नवी उपकरणेही ५४ एमबीपीएसच्या आत अडकतात. शिवाय ही कुलपे आता सहज तोडता येतात, त्यामुळे परक्याच्या हाती आपली जोडणी जाण्याचा धोका असतो.

लांबचे नवे उपकरणही जुन्यासारखेच वागते

उपकरण नवे असले म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. सिग्नल कमी झाला की कोणतेही उपकरण आपला बोलण्याचा वेग उतरवते. दूरच्या माणसाशी आपण सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलतो, तसेच हे आहे. म्हणून गोठ्यावर किंवा खळ्यावर बसविलेला नवा कोरा कॅमेरा घरातील जुन्या फोनपेक्षा अधिक अडथळा करू शकतो, कारण तो रात्रंदिवस चित्र पाठवीत असतो.

समजा कॅमेरा २ एमबीपीएस एवढे चित्र पाठवितो. सिग्नल चांगला असून तो ६५ एमबीपीएसने बोलत असेल तर हवेतील फक्त ३ टक्के वेळ घेईल. तोच कॅमेरा दोन भिंती व पत्र्याच्या शेडपलीकडे जाऊन ६.५ एमबीपीएसने बोलू लागला तर ३१ टक्के वेळ घेईल. इतर खर्च मिळवला तर हा आकडा याहूनही वाढतो. असे दोन कॅमेरे झाले की घरातील मुलांच्या अभ्यासाला उरते ते शिल्लक.

आपल्या भागातील घरांची बांधणीही येथे विचारात घ्यावी. माळवदाच्या घराच्या जाड मातीच्या किंवा दगडी भिंती लहरी शोषून घेतात. पत्रा लहरी परतवून लावतो. धान्याची लोखंडी कोठी, गोदरेजचे कपाट, पाण्याची टाकी यांच्या आडोशाला राउटर ठेवल्यास सिग्नल निम्म्या घरातही पोहोचत नाही.

दोष कसा शोधावा?

एका रविवारी सकाळी अर्धा तास काढून पुढील तपासणी करावी आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत.

१) संगणक असल्यास तो तारेने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. येथेच वेग योजनेपेक्षा फार कमी आला तर दोष बाहेरचा आहे. सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदवावी व तक्रार क्रमांक घ्यावा. संगणक नसल्यास नवा फोन राउटरपासून दोन-तीन हातांवर धरून, बाकी सर्व उपकरणे बंद करून मोजणी करावी.

२) त्याच जागी, त्याच फोनवर, घरातील सर्व उपकरणे नेहमीप्रमाणे चालू असताना पुन्हा मोजावे. फरक मोठा असेल तर दोष घरात आहे.

३) आता एकेक उपकरण बंद करीत जावे आणि प्रत्येक वेळी मोजणी करावी. ज्या उपकरणाच्या बंद होण्याने वेग एकदम वाढतो, ते उपकरण सापडले. प्रत्येक मोजणी दोन-तीन वेळा करावी, कारण वेग क्षणोक्षणी बदलतो.

४) संशयित उपकरण राउटरजवळ आणून पुन्हा चालवावे. जवळ आणल्यावर त्रास थांबला तर दोष अंतराचा आहे. जवळ आणूनही त्रास कायम राहिला तर दोष त्याच्या पिढीचा आहे.

उपाय : आधी बिनखर्चाचे, मग खर्चाचे

१) राउटरची जागा बदलावी. घराच्या मध्यभागी, माणसाच्या उंचीपेक्षा थोडा वर, लोखंडी वस्तूंपासून दूर असा राउटर ठेवावा.

२) दोन पट्ट्या वेगळ्या वापराव्यात. राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांचा असेल तर दोन्हींना वेगवेगळी नावे द्यावीत. जुने फोन, डोंगल व लांबचे कॅमेरे २.४ वर ठेवावेत. अभ्यासाचा फोन, लॅपटॉप व टीव्ही ५ वर घ्यावेत. हे दोन स्वतंत्र पूल आहेत. एकावरच्या बैलगाडीने दुसऱ्यावरचा ट्रक अडत नाही. मात्र ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतात, म्हणून ही उपकरणे राउटरच्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत वापरावीत.

३) सुरक्षा 'डब्ल्यूपीए-२ एईएस' किंवा 'डब्ल्यूपीए-३' या प्रकारावर ठेवावी. यावर न चालणारे उपकरण वापरातून काढावे. एका उपकरणासाठी सगळ्या घराचे कुलूप कच्चे ठेवू नये.

४) २.४ गिगाहर्ट्झवर वाहिनीची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवून १, ६ किंवा ११ यांपैकी जी कमी गजबजलेली असेल ती वाहिनी निवडावी. शेजाऱ्यांशी बोलून वाहिन्या वाटून घेतल्यास सर्वांचाच फायदा होतो.

५) राउटरमध्ये 'बी' पिढी बंद करण्याची सोय असल्यास आणि घरात तसे उपकरण नसल्यास ती बंद करावी. 'एअरटाइम फेअरनेस' ही सोय असल्यास चालू करावी. ती खेपेऐवजी वेळ वाटून देते. बदल केल्यानंतर एखादे उपकरण जोडले जाईनासे झाले तर तो बदल मागे घ्यावा.

६) जागचे न हलणारे उपकरण तारेने जोडावे. टीव्ही, संगणक व कॅमेरा यांना हवेची गरज नाही. साधी लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. गोठ्यापर्यंत केबल नेल्यास हवेतील वाट एकदम मोकळी होते. उघड्यावरून केबल नेताना ती नळीतून न्यावी. विजांच्या दिवसांत केबल व राउटरचा प्लग दोन्ही काढून ठेवावेत.

७) कॅमेऱ्याचे चित्र आवश्यक तेवढेच ठेवावे. कॅमेऱ्यातच मेमरी कार्ड घालून हालचाल झाली तरच चित्र पाठविण्याची सोय वापरावी.

८) एवढे करूनही अडचण राहिली तरच नवीन खरेदी करावी. तपासणीत जे उपकरण दोषी आढळले ते आधी बदलावे. राउटर घ्यायचा झाल्यास दोन्ही पट्ट्यांचा घ्यावा. योजना ती वाढवावी सर्वांत शेवटी.

काही गैरसमज

मोटारीचा मोबाईल स्टार्टर वायफायचा वेग खातो, असे काहींना वाटते. हे स्टार्टर सिमकार्डावर, मोबाईल कंपनीच्या जाळ्यावर चालतात. त्यांचा घरातील वायफायशी संबंध नसतो. तसेच प्रत्येक जुने उपकरण फेकून द्यावे असेही नाही. दिवसातून चार वेळा आकडे पाठविणारा सौर इन्व्हर्टरचा डोंगल कितीही जुना असला तरी त्रास देत नाही. उपकरण किती जुने आहे यापेक्षा ते किती सावकाश बोलते आणि किती वेळ बोलते, हे पाहावे. सावकाश व सतत बोलणारे उपकरण तेवढे शोधून काढावे.

वायफायच्या जोरावर आज मुले गावात राहून परीक्षांची तयारी करीत आहेत. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली असताना पान उघडले नाही, तर होणारे नुकसान पैशांत मोजता येत नाही. म्हणून महिन्याचे बिल वाढविण्याआधी अर्धा तास आणि वहीचे एक पान एवढा खर्च करावा. पुष्कळ घरांत राउटरची जागा, पट्ट्यांची विभागणी आणि गोठ्यापर्यंतची एक केबल एवढ्यावरच काम भागेल आणि घेतलेल्या योजनेचा पुरेपूर लाभ घरातील सर्वांना मिळेल.